रस्त्याचे देणे कोणी द्यायचे?

नवी गाडी दारात येते. घरातली सुवासीण ओवाळते, चाकाखाली लिंबू ठेवतात, शेजारी पेढे जातात. मग कागद हातात येतात आणि एका आकड्यापाशी घरच्या कर्त्या माणसाची नजर अडखळते. गाडीची किंमत समजते, विमाही समजतो, पण हा ‘रोड टॅक्स’ एवढा कशाचा? पुढे पहिला पाऊस होतो, रस्त्याची चाळण होते आणि कंबर धरून घरी आलेला तोच माणूस दुसरा प्रश्न विचारतो, ‘पैसे तर आधीच मोजून घेतले, मग रस्ता कुठे गेला?’

वाचकहो, हे दोन प्रश्न दिसायला जुळे, पण आहेत वेगळे. कोणाकडून किती घ्यावे, हा पहिला. घेतलेले जाते कुठे, हा दुसरा. चहाच्या टपरीवर आपण भांडतो ते बहुधा पहिल्यावरून. टोल हवा की नको, ट्रकवाल्याने जास्त द्यावे की मोटारवाल्याने, कर्नाटकाचा कर जास्त की महाराष्ट्राचा. माझे म्हणणे असे की पहिल्या प्रश्नाचे उत्तर कितीही चोख काढले, तरी दुसरा सुटल्याशिवाय वाहनकर न्याय्य वाटणार नाही. दुसऱ्या प्रश्नाचा एक चांगला धडा आपल्यापासून बऱ्याच दूर, भोपाळमध्ये गिरवला गेला आहे.

भोपाळचा आणि आपला तसा जुना योगायोग आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच दिवशी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. तिथेही पिढ्यान्‌पिढ्यांची मराठी घरे आहेत. आपल्या घरात मराठी-कन्नड चालते, त्यांच्याकडे मराठी-हिंदी, एवढाच फरक. २०२५ साली भोपाळचे नाव देशभर झाले ते ऐशबागच्या पुलामुळे. जवळजवळ काटकोनात वळणारा तो पूल बघून लोक हसले. पण रस्त्यांच्या बाबतीत त्याच शहराने केलेले एक चांगले काम मात्र फारसे कोणाला माहीत नाही. त्याकडे येतोच. आधी पहिल्या प्रश्नाचा हिशेब मांडू.

रस्ता झिजवतो कोण? वर्गात मी हे गणित फळ्यावर मांडतो तेव्हा मुलांचा विश्वास बसत नाही. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून वेगवेगळ्या वजनाच्या गाड्या अहोरात्र पळवल्या गेल्या. त्यातून ढोबळ नियम निघाला तो असा, की आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. म्हणजे वजनाचा चौथा घात. एक टनाच्या मोटारीच्या एका आसावर अर्धा टन येतो. भरलेल्या ट्रकच्या मागच्या आसावर दहा टन. वजन वीसपट, झीज मात्र एक लाख साठ हजार पट! दुचाकीचा तर या हिशेबात नावापुरताही वाटा निघत नाही.

याच नियमाने जास्त माल भरण्याचे पाहा. दहा टनांच्या जागी आसावर बारा टन घातले, तर माल वीस टक्के वाढला, पण झीज दुपटीहून थोडी अधिक झाली. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार चाकांच्या एका आसाची वजनमर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाहतूक स्वस्त व्हावी, फेऱ्या कमी व्हाव्यात हा त्यामागचा हेतू होता आणि तो चुकीचा नव्हता. पण त्या एका आसाची झीज साठ टक्क्यांनी वाढते, तो खर्च कुठल्या वहीत लिहायचा? ट्रकमालकाचा फायदा त्याच्या वहीत राहिला आणि झीज रस्त्याच्या खात्यावर पडली.

मग सगळा कर ट्रकवरच लादावा काय? तसेही नाही. ट्रकवाला डिझेलवर उपकर देतो, टोल देतो, परवान्याचे आणि कराचे पैसे भरतो आणि त्याचे भाडे शेवटी आपल्या डाळीच्या डब्यात आणि सिमेंटच्या पोत्यात येऊन पडते. शिवाय रस्ता नुसत्या चाकांनी खराब होत नाही. आपल्याकडे त्याचा मोठा वैरी पाणी. गटार तुंबले, बाजूपट्टी खचली, की मोटार न चालताही डांबर उखडते. चोर्ला किंवा आंबोलीच्या घाटातून पावसाळ्यात गेलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. म्हणून रस्ता वापरणाऱ्या प्रत्येकाने काही पायाभूत वाटा द्यावा आणि त्यावर ज्याने जास्त झिजवले त्याने जास्त द्यावे, हाच सरळ न्याय. त्यातही आस जास्त असलेल्या गाडीला सवलत हवी. वीस टन वजन दोन आसांवर नेले त्यापेक्षा चार आसांवर विभागून नेले, तर झीज एक अष्टमांशावर येते. कराने शिक्षाच करावी असे नाही, शहाणपणाला बक्षीसही द्यावे.

आता आपण प्रत्यक्षात कर कसा घेतो ते पाहू. खासगी गाडीवरचा कर वजनावरही नाही आणि धावण्यावरही नाही. तो आहे किमतीवर. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीला किमतीच्या ११ टक्के कर एकरकमी भरावा लागतो. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या मोटारीला १४ टक्के, वर उपकर वेगळा. म्हणजे आठ लाखांच्या त्याच मोटारीला कोल्हापुरात ८८ हजार आणि निपाणीत उपकर सोडून १ लाख १२ हजार. दोन्ही गाड्या कोगनोळीच्या नाक्यावरून त्याच रस्त्याने जाणार, तितकीच झीज करणार. महाग गाडी घेणाऱ्याने जास्त कर द्यावा, यात गैर काही नाही. १ जुलै २०२५ पासून महाराष्ट्राने या कराची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख केली, तीही त्याच विचाराने. पण हा ऐपतीवरचा कर झाला. त्याला रस्त्याचे भाडे म्हणता येत नाही. निवृत्त मास्तरांची मोटार रविवारी देवळापर्यंत जाते आणि शेजारच्या व्यापाऱ्याची रोज शंभर किलोमीटर पळते. दोघांचा रस्ताकर एकच.

सीमाभागात या कराला आणखी एक काटा आहे. मोटार वाहन कायद्याप्रमाणे परराज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली, तर नोंदणी बदलावी लागते. नव्या राज्यात कर भरायचा आणि जुन्या राज्याकडे परताव्यासाठी खेटे घालायचे. मुलगी कोल्हापुरात दिली, जावयाची बदली बेळगावला झाली, सासऱ्यांची गाडी चिकोडीत आली. अशी घरे तुमच्या-आमच्या गल्लीतच आहेत. २०२१ साली ‘बीएच’ क्रमांकाची सोय आली. त्यात दोन-दोन वर्षांचा कर भरता येतो. पण ती मुख्यतः सरकारी नोकरांना आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या नोकरांना. एक पाय चंदगडात आणि एक खानापुरात ठेवून जगणाऱ्या शेतकऱ्याला, दुकानदाराला तिचा उपयोग नाही.

एकरकमी कराचा आणखी एक दोष आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. पंधरा वर्षांचा कर सरकार पहिल्या दिवशी घेते आणि तो राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळून जातो. रस्त्याला मात्र भूक दरवर्षी लागते. आपली आजी-पणजी दरवर्षी मिरगाच्या आधी घर शाकारून घेत असे. कौले फिरवायला थोडे पैसे लागत. एक वर्ष आळस केला तर वासे कुजत आणि मग छप्परच नवे घालावे लागे. रस्त्याचे तंतोतंत तसेच आहे. भेग पडली तेव्हाच बुजवली तर काम थोडक्यात भागते, नाहीतर पुढे सगळा थरच उकरावा लागतो. पण नव्या रस्त्याला नारळ फुटतो, फलक लागतो, फोटो येतो. गटार साफ केल्याचे उद्घाटन कधी कोणी पाहिले आहे काय?

रस्त्याचा पैसा रस्त्यासाठी वेगळा ठेवावा, हा विचार नवा नाही आणि तो मांडणाऱ्या समितीचे अध्यक्ष मराठी होते, हे आपल्या मुलांना सांगण्यासारखे आहे. १९२७ साली सरकारने रस्तेविकासासाठी एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर. हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठाच्या ज्या ग्रंथालयात बसून आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी अभ्यास केला, ते त्यांच्याच नावाचे. समितीने १९२८ च्या अहवालात सुचवले, की मोटारींमुळे रस्त्यांचा भार जिल्हा बोर्डांच्या आवाक्याबाहेर गेला आहे, तेव्हा पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो वेगळ्या निधीत टाकून फक्त रस्त्यांवर खर्चावा. १९२९ साली गॅलनमागे दोन आण्यांनी निधी सुरू झाला. जास्त धावणारी गाडी जास्त पेट्रोल पिते, जड गाडी त्याहून जास्त. साधे, सोपे आणि बरेचसे न्याय्य माप!

या निधीला २००० साली नव्या कायद्याचे बळ मिळाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. पेट्रोल-डिझेलवरच्या उपकराने खेड्यांपर्यंत डांबर नेले. पुढे २०१८ मध्ये या निधीचे नाव आणि कक्षा दोन्ही वाढवून त्यात इतर पायाभूत सुविधाही आणल्या गेल्या. रस्त्यासाठी म्हणून काढलेल्या ताटात मग पंगत वाढली. जयकरांच्या मूळ कल्पनेतला नेमकेपणा त्याने पातळ झाला, असे मला वाटते.

दुसरा मार्ग टोलचा. ‘जो वापरील तो देईल’ हे तत्त्व ऐकायला स्वच्छ आहे. पण कोल्हापूरने त्याची दुसरी बाजू साऱ्या महाराष्ट्राला दाखवली. शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांची २२० कोटींची योजना झाली आणि त्याच्या वसुलीसाठी शहराच्या तोंडाशी नाके बसले. दूध घालायला, दवाखान्यात, शाळेत जाणाऱ्याला दुसरा रस्ता उरला नाही. कामे अपुरी असल्याची तक्रार होतीच. प्रा. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी वडीलधारी माणसे रस्त्यावर उतरली आणि २०१५ च्या अखेरीस सरकारने टोल रद्द केला. विजय मोठा होता. पण ठेकेदाराची भरपाई सरकारी पैशातून द्यावी लागली. त्याच वर्षी जूनपासून राज्यातले १२ नाके बंद झाले आणि आणखी ५३ नाक्यांवर हलकी वाहने आणि एसटी यांना सूट मिळाली. तिथेही भरपाई आलीच. टोल उठला म्हणून देणे फिटत नाही, ते फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते. कधी कधी तर गाडी नसलेल्या माणसाच्या खिशात.

म्हणून टोल तिथेच शोभतो, जिथे वेगवान नवा रस्ता आहे आणि ज्याला द्यायचे नाही त्याच्यासाठी जुना रस्ताही धड आहे. आणि रस्ता धड नसेल तर? ऑगस्ट २०२५ मध्ये केरळातल्या पालियेक्करा नाक्याच्या प्रकरणात, रस्त्याची दुर्दशा असेपर्यंत टोल थांबवण्याचा तिथल्या उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. पैसे घेणाऱ्यावर सेवेची जबाबदारी येते, हे तत्त्व त्यातून पुढे आले. पण खटला लढवून खड्डे बुजवायचे तर आपली हयात संपेल. हीच जबाबदारी रोजच्या कारभारात बसवता येईल काय?

इथे भोपाळ मदतीला येते. ग्रामसडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पुढची पाच वर्षे देखभालीची जबाबदारी असते. कागदावर उत्तम. पण बिल निघायचे ते जुन्या रीतीने. किती खड्डे बुजवले, किती घनमीटर मुरूम टाकला, ते मोजमाप पुस्तकात लिहायचे आणि पैसे उचलायचे. या रीतीत खड्डे जितके जास्त, तितके काम जास्त आणि तितके बिल जास्त. भोपाळच्या मध्य प्रदेश ग्रामीण सडक विकास प्राधिकरणाने आणि तिथल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मिळून ‘ई-मार्ग’ नावाची संगणक प्रणाली उभी केली आणि प्रश्नच उलटा विचारला. किती काम केले ते सांगू नका, रस्ता कसा आहे ते दाखवा. अभियंत्याने ठरल्या वेळी रस्त्यावर जायचे, जागेची नोंद असलेले फोटो काढायचे आणि खड्डे, बाजूपट्ट्या, गटारे, मोऱ्या, झाडोरा, फलक यांची अवस्था नोंदवून गुण द्यायचे. गुणांप्रमाणे पैसे. रस्ता चांगला असेल तर ठरलेली रक्कम मिळते, नसेल तर कापली जाते. खड्डा पडू न देण्यातच ठेकेदाराचा फायदा! ही पद्धत नंतर देशभरच्या ग्रामसडकांसाठी स्वीकारली गेली.

म्हणजे मध्य प्रदेशात सारे आलबेल आहे असे नव्हे. ही पद्धत मुख्यतः या योजनेतल्या खेड्यांच्या रस्त्यांपुरती आहे. गावाच्या इतर रस्त्यांचे आणि शहरांचे दुखणे वेगळेच. गुण देणारा माणूसच आहे, तेव्हा त्याच्यावरही कोणाचे तरी लक्ष हवे. शिवाय तिथे बाजार समित्यांच्या शुल्कातून ‘किसान सडक निधी’ उभा केला गेला. रस्त्याला हक्काचा पैसा मिळाला, हे चांगले झाले. पण ते शुल्क व्यापारी भरत असला तरी भावात शेतकऱ्याच्या सोयाबीनवर येते, आणि त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या वाळूच्या ट्रकला त्या निधीत काही घालावे लागत नाही. म्हणजे दुसरा प्रश्न भोपाळने बऱ्यापैकी सोडवला आणि पहिला अर्धवट राहिला. आपल्याकडे दोन्ही राहिले आहेत.

मग न्याय्य व्यवस्था कशी असावी? मला दिसते ती अशी. गाडी घेताना एकदम मोठी रक्कम घेण्यापेक्षा थोडा कर नोंदणीच्या वेळी आणि उरलेला वर्षाला घ्यावा. म्हणजे राज्य बदलले तर त्या तारखेपासून नव्या राज्याला द्यायचा, परताव्याची भानगडच नको. मालगाड्यांचा कर आसांवर आणि अंतरावर बेतावा. स्वित्झर्लंड २००१ पासून जड वाहनांवर वजन आणि अंतर यांच्या हिशेबाने कर घेते. विजेच्या गाड्या पेट्रोल पीत नाहीत, म्हणून त्या पेट्रोलवरच्या उपकरातून सुटतात. आज त्यांना सवलत योग्य आहे, पण संख्या वाढली की त्यांनाही रस्त्याचे थोडे देणे आलेच. न्यूझीलंडने एप्रिल २०२४ पासून त्यांच्याकडून किलोमीटरच्या हिशेबाने पैसे घेणे सुरू केले आहे. जास्त माल भरणाऱ्याला केंद्रीय कायद्यात २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड २०१९ पासून आहे. तो खाणीच्या किंवा कारखान्याच्या फाटकावरच वजनकाट्याने लागला, तर रस्ता झिजण्याआधीच वाचेल. आणि सर्वांत मुख्य, या पैशातला ठरावीक हिस्सा देखभालीच्या वेगळ्या खात्यात जावा आणि तिथून रस्त्याच्या अवस्थेप्रमाणेच बाहेर पडावा.

हे सारे बेंगळुरू-मुंबईच्या हातात आहे, आपण काय करणार, असे कोणी म्हणेल. थोडे करता येते. ग्रामसडकेच्या तोंडाशी एक फलक असतो. त्यावर ठेकेदाराचे नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि पाच वर्षांच्या देखभालीची वर्षवार रक्कम लिहिलेली असते. आपण त्याला टेकून बसची वाट पाहतो, पण तो वाचत नाही. मुदत चालू असेल आणि रस्ता फुटला असेल, तर ‘मेरी सडक’ या मोबाइल अ‍ॅपवर फोटोसह तक्रार करता येते. कॉलेजातल्या मुलांनी आपापल्या गावचा एक फलक जरी वाचून काढला, तरी नागरिकशास्त्राचा एक तास सार्थकी लागेल. महाराष्ट्रातला फलक मराठीत असेल, कर्नाटकातला कन्नडमध्ये. आपल्या घरात दोन्ही वाचणारे आहेत.

मराठीत आपण म्हणतो, थेंबे थेंबे तळे साचे. कन्नडमध्ये म्हणतात, ‘हनि हनि गूडिदरे हळ्ळ’. अर्थ एकच, पण मराठी थेंबांचे तळे होते आणि कन्नड थेंबांचा ओढा. गंमत म्हणजे ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा तसा खड्डाही! लिटरमागचा उपकर, नोंदणीचा कर, नाक्यावरची पावती, असे आपले थेंब तर रोज पडतच आहेत. ते तिजोरीच्या तळ्यात साचून राहिले, तर रस्त्यावर खड्डेच राहणार. त्यांचा ओढा होऊन दरवर्षी, मिरगाच्या आधी, रस्त्यापर्यंत पोहोचला पाहिजे.